फेऱ्याचा रस्ता मी ठरवला

आई,

मी बाबा अन् वामनमामासोबत नदीकडे गेली आहे. घाबरू नको, आधी पूर्ण वाच.

तू ड्यूटीवर गेल्यावर तुझा भाऊ नागपूरहून आला. चप्पल काढायच्या आधीच म्हणे, "भाऊजी, आज आपला जुना फेरा मारू. जाम नदीच्या काठाकाठानं पायी, एकेका दुकानात एकेक गिलास!" पोळ्याच्या सणापासून दारू घेत नाही, हे बाबांच्यानं सांगवेना. मग मीच म्हटलं, "फेरा मारू ना मामा, पण रस्ता मी ठरवीन." मामा हसला, "पोट्टी लई मोठी झाली!"

झालीच आहे. देवळामागच्या हॉटेलात भजे, मग कलाबाईच्या टपरीवर अदरकचा चहा, मग धोबीघाटाजवळ उसाचा रस. पोटात जागाच उरू देणार नाही मी! देशीचं दुकान चुकवून खाली वाळूतून जाऊ म्हटलं, तर बाबाच हळूच म्हणाले, "नको पोरी, त्याच्या समोरूनच चालू. तू फक्त हात धर."

धरीन. मामा आत शिरला तर शिरू दे, आम्ही दोघं पुढे जाऊ.

पिठलं झाकून ठेवलं आहे, भाकरी तेवढ्या टाक. अन् एक ऐक. आम्ही आलो की दारात उभी राहून बाबांच्या तोंडाचा वास घेऊ नको. आज त्यांना विचार, चहा कसा होता.

तुझी पुष्पी