खडूच्या खोक्यातली चिठ्ठी

प्रशिक्षण केंद्र, वसतिगृह, खोली नऊ
मंगळवार, ७ ऑक्टोबर

प्रिय खारूस अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. गुडघा बरा आहे, गोळ्या वेळेवर घेते, खोलीत उजेड भरपूर आहे आणि शेजारच्या पलंगावरची बाई घोरत नाही. तक्रारीला जागाच ठेवली नाही मेल्यांनी! तुझा खोकला गेला का? नसेल गेला तर डॉक्टरकडे जा, मोबाइलला विचारत बसू नकोस.

दर रविवारी फोन करणारी मावशी एकदम पत्र का लिहायला बसली, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येमध्ये इतक्या मायेनं ‘हं, बोल गं’ म्हणतेस की माझं बोलायचं राहूनच जातं. त्याचं काय ते पुढे लिहीन. आधी इथल्या गमती ऐक.

शाळेनं मला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलंय. विषय लैंगिकता शिक्षण. आमच्यातलं दुसरं कुणी तयार होईना. मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, तुम्हीच जा. तुम्हाला अनुभव आहे.” बिनलग्नाच्या, चौपन्न वर्षांच्या बाईला कसला अनुभव, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोघांनीही घाईघाईनं चहा पिऊन टाकला.

आम्ही बावीस शिक्षक आहोत. शिकवणाऱ्या बाई पूर्वी नर्स होत्या, म्हणून सगळे त्यांना नर्सबाईच म्हणतात. मूर्ती एवढीशी, पण आवाज असा की मागच्या बाकावरचाही ताठ बसतो. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर माणसाची आकृती काढली. एकेकानं उठायचं, एका अवयवाचं नाव लिहायचं आणि मोठ्यानं वाचायचं. हात, नाक, गुडघा हे पहिल्या पाच मिनिटांत संपले. मग सगळ्यांना एकदम तहान लागली. आमच्यात एक पीटीचे सर आहेत, अख्खं मैदान एका हाकेत गोळा करणारे. त्यांनी एक शब्द मुंगीएवढ्या अक्षरात लिहिला आणि छताकडे बघून पुटपुटले. नर्सबाई म्हणाल्या, “सर, मैदानावरच्या आवाजात.” बिचारे कानापर्यंत लाल झाले.

मी हसले त्यांना. पण माझी पाळी आली तेव्हा माझीही जीभ टाळ्याला चिकटली. मी विज्ञानाची बाई. तीस वर्षांत हे शब्द पुस्तकात वाचले, तोंडानं कधी उच्चारले नाहीत. तो धडा आला की ‘घरी वाचा, परीक्षेला येत नाही’ म्हणून मोकळी व्हायची. आठवीत तू माझ्याच वर्गात होतीस, तुला आठवत असेल.

एकाच वर्षी तसं केलं नव्हतं.

बुधवार

‘जेवणाची घंटा झाली म्हणून काल थांबले’ असं लिहिणार होते. पण घंटा नंतर झाली. मी आधीच पेन खाली ठेवलं होतं.

आज प्रश्नपेटी शिकवली. मुलांनी नाव न घालता मनातला प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा आणि शिक्षकानं वर्गात उत्तर द्यायचं. नर्सबाईंनी विचारलं, “हे याआधी कुणी केलंय?” मी ऐटीत हात वर केला. वर गेलेला हात माझा एकटीचाच.

“छान. कुणी कुणी लिहिलं तेव्हा?”

“ज्यांना प्रश्न होता त्यांनी.”

“म्हणजे प्रश्न कुणाला आहे ते सगळ्या वर्गानं पाहिलं.”

मी हात खाली घेतला.

“चिठ्ठ्या कुठे वाचल्यात?”

“घरी नेऊन.”

“एखादं अक्षर ओळखीचं निघालं असेल.”

“नाही,” मी म्हणाले. बावीस जणांसमोर, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून.

मग त्यांनी पद्धत सांगितली. लिहायचं सगळ्यांनी. प्रश्न नसलेल्यानंही ‘मला प्रश्न नाही’ एवढं तरी लिहायचं, म्हणजे सगळ्यांची पेनं हलतात. शिक्षकानं सगळ्या चिठ्ठ्या आपल्या अक्षरात उतरवायच्या आणि मूळ फाडून टाकायच्या. उत्तर देताना नजर मागच्या भिंतीवर ठेवायची. एखादं मूल संकटात आहे असं दिसलं, तर आधी त्या मुलाशीच बोलायचं, मग त्याला सांगून बाकीच्यांशी. पीटीच्या सरांनी विचारलं, “आणि संकट नसेल, नुसतंच अक्षर ओळखलं तर?” नर्सबाई म्हणाल्या, “तर ते तुमच्यापाशीच राहिलं पाहिजे. मरेपर्यंत.”

खारू, तुझं अक्षर मी ओळखलं होतं. का नाही ओळखणार? तुझा हात धरून मीच तर गिरवून घेतलं होतं ते.

शुक्रवार

काल लिहिलंच नाही. पाकीटसुद्धा उशीखाली ठेवलं. आता सगळं लिहूनच उठेन.

तू नववीत होतीस. कुठल्याशा मासिकात वाचून मला त्या वर्षी प्रश्नपेटीची हुक्की आली होती. पेटी कुठली, खडूचं रिकामं खोकं ते. अकरा चिठ्ठ्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी दहांची उत्तरं दिली. तू दुसऱ्या बाकावर तुझ्या जिवलग मैत्रिणीशेजारी, लंबूशेजारी बसली होतीस. दहावी चिठ्ठी वाचून मी खोकं मिटलं, तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस. मी फळा पुसायला वळले. फळा कोराच होता.

अकरावी चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. ‘मुलीला मुलगीच आवडत असेल तर तो आजार असतो का? औषधानं जातो का?’ संध्याकाळी मी ती तुझ्या आईच्या हातात दिली.

काळजीपोटी दिली असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं ते असं, की मला भीती वाटली. उद्या काही कळलं तर लोक म्हणतील, मावशीच वर्गशिक्षिका, मग तिला कसा पत्ता लागला नाही? आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. ते येत नाही हे कबूल करण्यापेक्षा चिठ्ठी पुढे सरकवणं सोपं होतं.

वर मी तुझ्या आईला अट घातली, माझं नाव घ्यायचं नाही. तिनं ती आजवर पाळली. तुमच्या घरात त्या आठवड्यात जे झालं ते मी तुला सांगायला नको. तुझी शाळा बदलली. आईशी तुझं जे बिनसलं ते बिनसलंच. आणि तो प्रश्न तू एकट्या लंबूला सांगितला होतास, म्हणून चुगली तिनंच केली असं तू धरून चाललीस. शेवटच्या आठवड्यात तू दप्तर उचलून पहिल्या बाकावर जाऊन बसलीस. माझ्या डोळ्यांदेखत.

अजून एक राहिलं आहे. तू शाळा सोडल्यावर लंबू शिक्षकखोलीत आली होती. दारातच उभी राहिली, पायात पाय अडकवून. म्हणाली, “बाई, मी तिच्या आईला काही सांगितलं नाही. शप्पथ. तुम्ही तिला सांगाल का? तुमचं ती ऐकेल.” मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, “बघते.” सोळा वर्षं झाली त्याला. लंबूची आई अजून माझे कपडे शिवते. माप घेताना दर वेळी विचारते, “तुमची भाची काय म्हणते? दोघींचं किती जमायचं, नाही?” आणि मी नुसतीच हात वर करून उभी राहते.

तू बावीसची असताना माझ्या ओट्याला टेकून म्हणालीस, “मावशी, सगळ्यात आधी तुला सांगतेय.” मी चेहऱ्यावर नवल आणलं, आठवतं? खोटं होतं ते. तू मला मिठी मारलीस नि मी ती घेतलीसुद्धा. तुम्ही दोघी दिवाणखान्यात माझ्या फोटोला जागा देता, तुझी जोडीदार मला ‘आपली मावशी’ म्हणते, आणि हे सगळं मी निर्लज्जासारखं स्वीकारत आले.

आज सराव पाठ होता. बाकीच्यांनी चौदा वर्षांची मुलं व्हायचं आणि आपण शिकवायचं. पीटीचे सर तर इतके रंगले की कागदाचे बाण मारत होते. पेटीत नर्सबाईंनी जमवलेले खऱ्या मुलांचे प्रश्न होते. माझ्या हाताला आला तो तुझाच म्हण, शब्द थोडे वेगळे. मी मागच्या भिंतीकडे बघून सांगितलं, “हा आजार नाही. माणसं अशीही असतात, तशीही असतात. त्याला औषध नसतं, कारण औषध लागेल असं त्यात काही नाही. ज्यानं हे विचारलं त्यानं चांगलं केलं.” टाळ्या पडल्या. नर्सबाई म्हणाल्या, “उत्तर असं द्यायचं. लिहून घ्या सगळ्यांनी.” आणि सगळ्यांनी लिहून घेतलं गं. मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि तोंडात पदराचा बोळा घालून रडले.

शनिवार, सकाळ

हे पत्र टाकण्याआधी लंबूला विचारायला हवं होतं. तिच्याविषयी तिला न विचारता लिहिणं म्हणजे पुन्हा तेच. तिच्या आईकडून नंबर घेतला आणि केला फोन. सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाई, मला तेव्हाच ठाऊक होतं.”

“कसं?”

“तो प्रश्न आम्हां दोघींनाच माहीत होता. मी सांगितला नव्हता. मग खोकं कुणी उघडलं होतं?”

“मग मला कशाला सांगायला आली होतीस?”

“वाटलं होतं, तुम्ही कबूल कराल.”

“नाही केलं मी. तेव्हा तू तरी तिला का नाही सांगितलंस?”

पलीकडे भांडी वाजत होती. मग म्हणाली, “तिचं आईशी वाजलेलं, माझ्याशी बोलणं तोडलेलं. उरलं होतं कोण? तुम्हीच. तेही मी काढून घेतलं असतं तर ती गेली कुठे असती, बाई? म्हटलं, राहू दे तिला मावशी.”

चौदा वर्षांची होती गं ती.

मी क्षमा मागत नाही. मागितली की तू देशील, आणि मग मला बरं वाटेल, म्हणून नाही मागत. पत्र आईला दाखव. तिच्यावर धरलेल्या रागातला निम्मा माझा आहे, तो मला दे. लंबूच्या परवानगीनं तिचा नंबर वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवलाय. रविवारी मी फोन करणार नाही. तू पहिला फोन तिला कर. मला करायचा की नाही ते त्यानंतर ठरव. नाही केलास तरी मी समजेन.

लंबूनं तुझ्यासाठी राहू दिलेली,
मावशी