माळावरची सात रोपं

१७ नोव्हेंबर, सोमवार
आधी दुरुस्ती. शनिवारी मी लिहिलं की शास्त्रीय सल्लागार समिती माझा अहवाल वाचून येत आहे. समिती येत आहे, एवढंच खरं. वाचल्याचं मी धरून चालले. चौथीपर्यंत मला आईने घरीच शिकवलं. चुकलेलं आधी खोडायचं, ही सवय तिची.

पण वाचतीलच. सुप्याजवळचा माळ गवताळ ठेवायचा की त्यावर झाडं लावायची, हा सल्ला सरकारला समितीच देणार. तीन वर्षं कुणी हात न लावलेला, गवताने भरलेला माझा प्लॉट एकदा पाहिला की प्रश्न मिटला. भामाबाईंना तसं सांगूनही टाकलं. त्यांची मेंढरं याच माळावर चरतात, पण प्लॉटमध्ये त्यांनी एकही जाऊ दिलं नाही.

२१ नोव्हेंबर
उद्या पाहणी. मला पाच मिनिटं. ठाम बोलायचं. सॉरी म्हणायचं नाही.

२२ नोव्हेंबर
पाच मिनिटं सत्कारात गेली. सात सदस्य, सात शाली, सात नारळ. मग वृक्षारोपण. आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर कुंडलिक याने खड्डे कालच घेऊन ठेवले होते, माझ्या प्लॉटमध्ये. तेवढीच जागा लेंड्यांशिवाय होती. मी म्हटलं, अरे, इथे काहीच करायचं नाही, हाच तर प्रयोग आहे. तो म्हणाला, मग सायबांनी रोप काय डोक्यावर लावायचं व्हय?

अध्यक्षांनी मला रोप धरायला सांगितलं. धरलं. त्या वेळी बोलणं बरं दिसलं नसतं. निघताना ते 'छान' म्हणाले. अहवालाबद्दलच असणार.

२९ नोव्हेंबर
रोपं उपटायची ठरवून गेले. सुकत होती. रोपांचा काय दोष? पाणी घातलं. फक्त अध्यक्षांच्या रोपाला घालणं हा पक्षपात झाला असता, म्हणून सातही. नोंद केली : हस्तक्षेप, स्वतः.
पुढच्या शनिवारी उपटेन.

१३ डिसेंबर
जळोचीहून दर शनिवारी स्कूटरवर दोन कॅन नेते. माझ्या खोलीत राहणारी अबोली म्हणते, गवताचा अभ्यास करायला गेलीस आणि माळीण झालीस. तिला कळत नाही. धट्टीकट्टी झाली की काढून दुसरीकडे लावता येतील. हा विचार शास्त्रीय आहे.

३ जानेवारी
ऑफिसने रोपांचे फोटो मागितले. सातही हिरवीगार. पाठवले. खोटं कशाला बोलायचं?

१६ जानेवारी, शुक्रवार
बैठकीचं इतिवृत्त आलं. 'रोपे कोणत्याही देखभालीविना उत्तम तग धरत असल्याचे फोटोंवरून दिसते. सबब संपूर्ण माळावर लागवड करावी व गवताचा अभ्यास आवरता घ्यावा.' माझा अहवाल 'पाहिला', अशीही एक ओळ आहे. म्हणजे पाहिला. त्यांचा फक्त पाण्याबद्दल गैरसमज झाला आहे. एका पत्राने निघेल. आक्षेपांना महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. भरपूर आहे.

२५ जानेवारी
आठवा मसुदा. 'मी पाणी घातले' लिहावं की 'पाणी घालण्यात आले'? दुसरं जास्त सरकारी वाटतं, पण लपवल्यासारखं होतं. उद्या सुट्टी. तेव्हा नीट विचार करीन.

२९ जानेवारी, गुरुवार
मुदत संपायच्या आधीच माळावर जेसीबी आला. कडेने कुंपणाचे खांब. मेंढरांना बंदी. भामाबाईंनी मेंढरं विकली; त्या बावड्याला लेकीकडे निघाल्या होत्या. मी पत्र दाखवलं, पाठवणारच आहे म्हटलं. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. प्लॉटच्या कडेला उभं राहून म्हणाल्या, "ताई, पाऊस न्हवता त्या साली माजं कोकरू उपाशी मेलं, पर हितं न्हाय घातलं मी. तुमी म्हणला हुता, मोठी मानसं येत्याल, बघत्याल. बघितलं का त्येंनी?"

मी हो म्हटलं.

३१ जानेवारी, शनिवार
आक्षेपांची मुदत आज संपते. समितीचीही आजच संपते, असं अबोली सांगते. ती म्हणते, आत्ताच्या आत्ता मेल कर. पण एखाद्याला त्याच्या शेवटच्या दिवशी त्याची चूक दाखवणं मला योग्य वाटत नाही.

पत्र सोमवारी, २ फेब्रुवारीला, सकाळी ऑफिस उघडताच पाठवीन.