मास्तरांचं तळं

३ जानेवारी
पोचले एकदाची. बसमधून उतरले तर सत्तरीच्या एटेल्का नेनी बर्फावरची घसरगाडी घेऊन हजर. मास्तरांच्या शेजारीण; सगळे त्यांना नेनी, म्हणजे मावशी, म्हणतात. माझी बॅग गाडीवर टाकत म्हणाल्या, "बोर्बाला ना तू? आधीच्या दोन्ही नर्स इतक्या बारीक होत्या, वाऱ्यानेच उडून गेल्या असाव्यात. तू टिकशील." मिश्कोल्त्स शहरातल्या इस्पितळात अकरा वर्षं काढल्यावर अशी पावती मिळाली!

मास्तर म्हणजे बोदोर देझो. वय एक्याऐंशी, गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. फुप्फुसं जवळपास निकामी. नाकात नळी, पलंगाशी ऑक्सिजनचं यंत्र. मला पाहून पहिलं काय विचारलं, तर बागेतल्या तळ्याचा पंप चालू आहे का. तळं त्यांनी तरुणपणी स्वतः खणलंय. दोन पलंग मावतील एवढं, छातीइतकं खोल. पंपाचे बुडबुडे येतात तेवढी जागा सोडली तर वर सगळा बर्फ. चालू आहे म्हटल्यावर खुलले. माझी खोली उबदार आहे. जेवायला बीनचं सूप आणि पोगाचा, म्हणजे खारट छोटे पाव, अजून गरम. बरं घर मिळालं.

७ जानेवारी
उणे एकोणीस. मास्तर रोज माझी शाळा घेतात. बेडूक हिवाळाभर तळाच्या चिखलात पडून राहतात. नाकाने श्वास घ्यायचा नाही, कातडीतूनच पाण्यातला प्राणवायू घ्यायचा. पण तळं बर्फाने पुरतं बंद झालं की कुजक्या पानांचा वायू आत कोंडतो आणि सगळे गुदमरतात. बर्फावर घाव घालायचा नाही, त्या हादऱ्यानेच जीव मरतात. गरम पातेलं ठेवून भोक पाडायचं. बायको गेल्यापासून त्यांना सोबत म्हणजे हेच, दोनशेएक बेडूक आणि दोन म्हातारे कार्प मासे. मी म्हटलं, मला तर एकच पेशंट सांगितला होता. खोकला येईपर्यंत हसले.

१२ जानेवारी
दोन दिवस बर्फ कोसळतोय. रस्ता बंद, वीज गेली, फोन मुका. वीज साठवणारी मोठी बॅटरी घरात एकच. तिच्यावर एक तर यंत्र चालेल, नाही तर पंप.

मास्तर म्हणाले पंपाला लावा. मी नाही म्हटलं.

"तिथे दोनशे आहेत, बोर्बाला. इथे एक म्हातारा."

"मला पगार म्हाताऱ्याचा मिळतो, मास्तर."

गमतीने म्हटलं होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पंप थांबला तेव्हा त्यांना न पाहताच कळलं. मी शेगडीवर पाणी उकळून पातेली नेतेय, भोक उघडं ठेवतेय. जमेल तेवढं.

१४ जानेवारी
उणे सव्वीस. तासाभरात भोक बुजतं. पातेली नेऊन खांदे भरून आलेत. एटेल्का नेनी सूप घेऊन आल्या. मास्तरांना हसवायला म्हणाल्या, उन्हाळ्यात टोपलीभर बेडूक आणून देते, रडता काय पोरासारखे.

दुपारी बर्फ झाडला तर खाली एक बेडूक पोट वर करून चिकटलेला. पांढराफटक. मग आणखी तीन. मी मास्तरांना सांगितलं नाही. आत गेले तर त्यांनी विचारलं, "चारच का?"

१५ जानेवारी
सकाळी बॅटरी संपली. धावत गेले, तर नळी त्यांनी आधीच काढून नीट गुंडाळून ठेवलेली. छाती हलत नव्हती. मास्तर गेले, असं समजून डोळे मिटायला हात नेला आणि ते डोळे माझ्याकडे वळले.

नाडी मिनिटाला सहा. घड्याळ लावून बसले. वीस मिनिटांत एकही श्वास नाही. अंग गार, ओलसर. ओठ हलतात, आवाज नाही. आवाजाला श्वास लागतो. छाती दाबायला गेले तर माझे हात हळूच बाजूला केले. कागदावर लिहिलं: "दुखत नाही. शेगडी विझवा."

विझवली नाही. अकरा वर्षांत शिकलेलं काहीच इथे उपयोगी नाही.

१६ जानेवारी
चादर तीनदा बदलली. पिळली तर चिखलाचा वास. एटेल्का नेनी दारातच थबकल्या. भांडं खाली ठेवलं. "पोरी, माझ्याकडे चल. आत्ताच्या आत्ता."

पेशंट सोडून कशी जाऊ? त्या मागे न बघता गेल्या. मास्तरांनी लिहिलं, "खिडकी." उघडली. मीच उघडली.

१७ जानेवारी
लाकडं आणायला गेले. दहा मिनिटं. पलंग रिकामा. जमिनीवर ओला पट्टा, दारातून बाहेर, बर्फावरून तळ्यापर्यंत. भोक बशीएवढं. त्यातून माणूस जात नाही.

बर्फ झाडला. मास्तर खाली आहेत, चिखलात बसलेत, डोळे उघडे. अंगाखांद्यावर बेडूक, जिवंत. माझ्याकडे पाहून हात हलवला.

कुऱ्हाड आणली. एकच घाव — ते पिळवटले, कानांतून रक्त, पाण्यात लाल धूर. चार बेडूक उलटले. कुऱ्हाड टाकली.

एटेल्का नेनींनी आपली सगळी लाकडं ओढत आणली. खाली वाकून पाहिलं आणि बर्फातच बसल्या. मग मदत आणते म्हणून चालत हमरस्त्याकडे गेल्या. अकरा किलोमीटर. सत्तरीची बाई. मी थांबवलं नाही.

१८ जानेवारी, सकाळ
नेनी आल्या नाहीत. पुन्हा बर्फ पडतोय. खुर्च्या जाळल्या, माझा पलंगही. भोक कपाएवढं. मास्तर वर सरकलेत. ओठ निळे — पाण्यातला प्राणवायू संपत आलाय. बेडूक एकेक करून सुटतायत त्यांच्या अंगावरून.

दुपार
जाळायला काही नाही. हात घातलाय भोकात. हात आहे तोवर बुजणार नाही. डाव्याने लिहितेय.

त्यांनी बोटं धरली. आता ढकलतायत. पुन्हा ढकलतायत. जा म्हणतायत, कळतंय. पण हात निघत नाही — मनगटाभोवती बर्फ धरलाय.

थंडी वाजायची थांबली.

ते मान हलवतायत. नाही, नाही. माझ्या छातीकडे बोट —

तोंडासमोर वाफ नाही. मघाशी होती. घड्याळ बघतेय, शेवटचा श्वास मी कधी