काजलच्या होडीत दोन दिवस

१ फेब्रुवारी, शनिवार
पान घेऊन बसलो. काय केलं मी हे!
मुरबाडहून गणूतात्या आले होते, जावयाकडून. म्हणाले, ‘सहा महिने झाले पोर माहेरी. संदेश वाट बघतो. गुरुवारी न्यायला येऊ ना?’ आणि पानसुपारी पुढं केली. मी घेतली. आमच्यात पान हातात घेतलं की शब्द दिला. काजल तेव्हा कामावर होती. तिला विचारलंच नाही.

२ फेब्रुवारी
सांगायला तोंड उघडलं, मिटलं. तीच म्हणाली, ‘बाबा, उद्या-परवा कॅम्प बंद हाय. शेठ होडी देतोय. चला, नदीवर राहू.’ पर्यटकांच्या त्या कॅम्पवर ती भाकऱ्या थापायला लागली होती. आता शहरातल्या लोकांना होडी वल्हवायला शिकवते.
लहानी म्हणाली, ‘या वयात? बुडालात तर मला सांगायला येऊ नका.’ बायको आहे की कोण.

३ फेब्रुवारी, सोमवार
होडी म्हणजे वालाची शेंग — लांब नि अरुंद. काजल मागं, मी पुढं.
‘बाबा, हलू नका.’
‘मी कुठं हलतोय?’
‘मग काय नदी हलते?’
सापगावच्या वरच्या अंगाला भातसा नदीचं पाणी संथ. मी भात झोडल्यासारखं पाणी झोडत होतो. म्हणाली, ‘मारू नका त्याला. मागं सारा नुसतं.’
मधोमध आल्यावर विचारलं — तिथं त्रास काय तुला? मारलं-बिरलं?
‘नाय ओ. संदेश वाईट नाय. पण तिथं मला कोण विचारत नाय. भाजी कुठली, कामाला जायचं का, कुठल्या लग्नाला जायचं — सगळं ठरवून सांगतात.’ दोन हात वल्हं मारून म्हणाली, ‘तुमीपण आज विचारताय.’
मग सांगून टाकलं. पान घेतल्याचं.
तिनं वल्हं आडवं ठेवलं. मग तिनंच होडी काठाला लावली. ‘उतरा.’
उतरलो, गुडघाभर पाण्यात. ती गेली. तंबू, भाकऱ्या, सगळं होडीत. ही वही तेवढी खांद्यावरच्या पिशवीत होती, म्हणून दगडावर बसून लिहितोय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
आली. ‘भूक लागली असंल,’ एवढंच.
तंबू तिनं लावला, चूल मी मांडली. सुकटीचं कालवण केलं. जेवताना मोठी भाकरी तिनं माझ्याकडं सरकवली.

४ फेब्रुवारी
चहा घेताना विचारलं, ‘तुला काय पायजे गो?’ अडुसष्ट वर्षांत हे मी घरात कुणालाच विचारलं नसावं. लहानीलाही.
पाण्याकडं बघत म्हणाली, ‘माहीत नाय अजून. मला ठरवू तरी द्या.’
परतताना मागं मी बसलो. होडी जात्यासारखी जागच्या जागी फिरायला लागली. काजल हसली. पोट धरून. किती दिवसांनी!

६ फेब्रुवारी, गुरुवार
मुरबाडहून आलेले सगळे ओटीवर बसलेले. मी नवं पान लावून गणूतात्यांच्या हातात ठेवलं — तुमचं तुम्हाला परत. आमच्या घरात असं कुणी केलेलं नाही.
‘शब्द फिरवतोस?’
‘तो द्यायचा हक्क माझा नव्हता, तात्या. तिचा होता. ती ठरवंल तेव्हा ठरवंल. तवर हे घर तिचं.’
संदेश खाली मान घालून होता. चहा न घेता उठले. आता चार दिवस गाव तोंडात बोटं घालील. घालू दे.

९ फेब्रुवारी, रविवार
काजल सकाळच्या एसटीनं मुरबाडला गेली. संदेशकडं. एकटी, आपणहून. फाट्यावर विचारलं, का गो?
म्हणाली, ‘आता परत यायला घर हाय ना, म्हणून.’