पत्रात नसलेली ओळ

चिंचवड, रविवार, २६ ऑगस्ट १९५६

ह्यांना मिशनच्या कामासाठी आफ्रिकेत जाऊन दोन वर्षं होत आली. पत्र येतं ते चर्चच्या मंडळीच्या नावे, आणि उपासनेनंतर ते मोठ्यानं वाचायचं अशी इथली रीत. हे गेल्यापासून उपासना मीच चालवते, तेव्हा वाचायचंही मीच.

आजच्या पत्रात तिथली एक आजारी म्हातारी होती. हे रोज तिच्या उशाशी बसून तिला चमच्यानं पेज भरवतात. चमच्यानं. इथं सासूबाईंचा उजवा हात लुळा पडल्यापासून दोन्ही वेळा मी भरवते, ते पत्रात कुठंच नाही. सासूबाईंचं नावसुद्धा नाही. त्या पुढच्या बाकावर कान देऊन बसलेल्या, म्हणून मी पदरची एक ओळ वाचली: "आई नीट जेवते ना? तिची फार आठवण येते."

देवाच्या घरात उभं राहून खोटं बोलले.

घरी आल्यावर म्हणाल्या, "माझं कुठं लिवलंय गं? दाव की."

त्यांना अक्षरओळख नाही. मी बोट ठेवलं. त्यांनी डाव्या हातानं पत्र उचललं आणि तिथं ओठ टेकले.

बोट होतं त्या म्हातारीच्या चमच्यावर. मुद्दाम ठेवलं का मी? ठेवलं असेन.