अण्णांचे लॉगिन

७ ऑक्टोबर, सोमवार

आज कामावर रुजू झालो. शाळा दहावीनंतर सुटलेल्या माणसाला टेबल-खुर्चीची नोकरी मिळते यावर आईचा विश्वास बसत नव्हता. तिने फोनवर दोनदा विचारले, की खरंच बसून काम आहे ना. खरंच आहे. यंत्रांच्या सुट्या भागांचे गोदाम आहे. कोणता माल आत आला आणि कोणता बाहेर गेला, एवढे मी संगणकात नोंदवायचे. टेबल खिडकीशी आहे. ड्रॉवरला चालणारी किल्ली आहे. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी स्वतःहून चहा सांगितला आणि अरेतुरेवर आल्या, ते बरे वाटले.

गोदाम सांभाळणाऱ्या मॅडमनी नियम समजावले. पहिला महिना परीक्षेचा. संगणकात लॉगिन केले की हजेरी लागते. दर पंचवीस तारखेला ती हजेरी वर जाते आणि कायम करायचे की नाही ते ठरते. माझे स्वतःचे लॉगिन तयार व्हायला चार दिवस लागतील. तोवर आधीचे कारकून अण्णा यांचे वापरायचे. त्यांचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मिळाला. मी तो पाठ करून चिठ्ठी फाडली.

९ ऑक्टोबर, बुधवार

सगळ्या संगणकांवर नवी प्रणाली बसवली आहे. सकाळपासून गोदामात नुसती चिडचिड चालली आहे. छपाईचे बटण सापडत नाही, जुन्या फायली कुठे गेल्या कळत नाही, आणि प्रत्येक गोष्टीला ती "नक्की का?" असे विचारते. बाई म्हणाल्या, नवा जावई आलाय, दिसायला देखणा, आणि काम सांगितलं की नुसता गोल गोल फिरतो. मॅडमसुद्धा हसल्या.

माझ्या पडद्यावर अक्षरे अंगठ्याएवढी झाली आहेत. माउसची बटणे उलटी झाली आहेत, डावे दाबले की उजव्याचे काम होते. कॉम्प्युटरवाल्याला बोलावले. तो म्हणाला, जुन्या वापरकर्त्याच्या सवयी नव्या प्रणालीत आणल्या जातात, अण्णा डावखुरे होते, म्हणून असं. पडद्याच्या कोपऱ्यात तसे लिहिलेही आहे : "तुमच्या सवयी आणत आहोत. १४ टक्के."

मी सगळे पूर्ववत केले आणि कसे केले ते वहीत टिपून ठेवले.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज सकाळी सगळे पुन्हा उलटे. काल सकाळीही तेच. टिपलेले पाहून पुन्हा सरळ केले, जेवून येतो तो पुन्हा उलटे. ३१ टक्के. तक्रारीचा अर्ज लिहिला, दोनदा तपासला, दिला. कॉम्प्युटरवाला म्हणतो, सवयी पूर्ण आल्याशिवाय या टेबलाला दुसरे खाते जोडता येत नाही. मी मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, यंत्राशी काय रुसायचं, घे सांभाळून.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

हजेरीचा कागद भिंतीवर लागला. अण्णांचे सात दिवस. माझ्या नावापुढे शून्य. मॅडम म्हणतात, तुझं खातं झालं की हे दिवस तिकडे वळवू. कधी होणार, ते सांगत नाहीत. अर्ज क्रमांक दोन दिला.

अण्णा निवृत्त झाले का, असे बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी वारले. चष्म्याशिवाय त्यांना काही दिसायचे नाही. काम करताना पाय हलवायचे आणि नाकातल्या नाकात गुणगुणायचे. टेबलाला हात लावलेला खपायचा नाही.

सांगताना त्या माझ्या पायाकडे बघत होत्या. मी पाय थांबवला.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

५८ टक्के. आज अक्षरे लहान करायची राहून गेली. दुपारी आठवण झाल्यावर केली, तर मला ती वाचता येईनात. डोळे चोळले, पाणी मारले. बिलावरचा बारीक मजकूर हात लांब धरून वाचावा लागला. मी तेवीस वर्षांचा आहे.

माउस डाव्या हातात होता. केव्हा घेतला, माहीत नाही. बाई म्हणाल्या, बघा, बसला ना हात. पहिल्या दिवसापासून अरेतुरे करणाऱ्या बाई आज मला "बघा" म्हणाल्या.

अर्ज क्रमांक तीन. उत्तर नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

आईला फोन केला. दोन-तीन वाक्ये बोललो तोच तिने मला थांबवले. मग म्हणाली, "काका, माझ्या मुलाला फोन द्या ना जरा."

मी म्हणालो, अगं मीच आहे. ती म्हणाली, थट्टा नको, त्याला द्या, चार दिवस झाले त्याचा आवाज ऐकला नाही. मग रडायला लागली. मी लहानपणी विहिरीवर पडलो होतो ते सांगायला गेलो. कोणत्या गुडघ्याला लागले होते ते आठवेना. पँट वर करून पाहिले. दोन्ही गुडघ्यांवर खूण नाही.

७९ टक्के.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आज संगणक सुरूच केला नाही. प्लग काढला. स्टुलावर बसून नोंदी हाताने कागदावर केल्या. मॅडम रागावल्या, की हे काय नवीन नाटक, अण्णा.

कुणीच हसले नाही. त्यांना ते चुकल्यासारखेही वाटले नाही.

चारला प्लग जोडला. ८८. बंद असतानाही — बंद असतानाही वाढते.

२३ ऑक्टोबर, बुधवार

कॉम्प्युटरवाल्याचा हात धरून बसलो. खाते झाल्याशिवाय सोडणार नाही म्हणालो. शेवटी त्याने कोरा अर्ज दिला, हाताने भरा, आत्ता करून टाकतो. उजव्या हाताने अक्षर वळेना. डाव्याने भरला. तीनदा तपासला. एक चूक नाही.

त्याने वाचला आणि म्हणाला, "अण्णा, तुमचं खातं आहेच की."

मी पुन्हा वाचले. जन्मतारीख लिहिली आहे ती माझी असू शकत नाही. त्या हिशोबाने मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. पण दुसरी तारीख आठवत नाही. खूप प्रयत्न — महिनासुद्धा नाही —

२४ ऑक्टोबर

९७. आईचा नंबर पाठ होता. आता शेवटचे चार आकडे —

गुणगुणतोय. थांबवता येत नाही. मी मी आहे हे कुणाला दाखवायचे तर कशावरून —

बाईंना म्हणालो, मला माझ्या नावाने हाक मारा. एकदाच. त्या घाबरल्या. म्हणाल्या, तेच तर मारते.

९९

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आज काम चांगले झाले. नव्या प्रणालीला लोक उगीच नावे ठेवतात. हात बसायला वेळ लागतो, इतकेच. सगळे जिथल्या तिथे आहे, अक्षरेही ठळक.

मॅडमनी हजेरी वर पाठवली. माझे सगळे दिवस भरले. या महिन्यात एक नवा पोरगा घेतला होता म्हणे, तो एक दिवसही उगवला नाही. त्याचे नाव काढून टाकले. आजकालच्या पोरांना नोकरीची किंमत नाही.

माझ्या ड्रॉवरमध्ये ही वही निघाली. टेबलाला कुणी हात लावलेला मला चालत नाही. पहिल्या पानावर कुणाचे तरी नाव आहे, ओळखीचे नाही. अक्षर सुरेख, एक काना चुकलेला नाही. पुढे पुढे मात्र घाबऱ्याघुबऱ्या लिहिल्यासारखे आहे. कुणाला तरी हाका मारत असावा. एवढे कष्टाने लिहिलेले असे टाकून कसा गेला? घरी कुणी तरी वाट पाहत असेल. वही त्याला परत करायला हवी. चष्मा लावून सगळी वाचून काढतो, म्हणजे पत्ता सापडेल. बाईंनाही विचारले. त्या माझ्याकडे बघून नुसत्याच रडायला लागल्या, म्हणून मी त्यांना म्हणालो, की रडू नका, पत्ता सापडला की मीच जाऊन देऊन येतो.