खोक्यावर आईचं नाव

१२ फेब्रु. २०१९
युनि.च्या जुन्या कागदांच्या खोलीत आज २०११ चं खोकं उघडलं. माझी बाइतो, म्हणजे पार्ट-टाइम नोकरी, हीच. टाचण्या काढा, कागद पाकिटात घाला, पेन्सिलनं नंबर टाका. बोलावं लागत नाही, म्हणून आवडते.
तिसऱ्याच पाकिटात आईचं अक्षर! ‘नळाचं पाणी इथे चालतं. बाळांनाही. घाबरू नका.’ भूकंपात अणुभट्टी फुटल्यावर टोकियोतल्या हिगाशी-कसाईहून किती मराठी घरं इकडे दक्षिणेला आली, आम्ही राहायचो त्या युनि.च्या होस्टेलात गाद्या टाकून राहिली. त्यांच्यासाठी आई रोज जपानी नोटिसा मराठीत लिहून लिफ्टशेजारी लावायची. कोपऱ्यातलं जांभळं फूल माझं. नऊ वर्षांची होते.
पाकिटावर नाव: डॉ. अविनाश रेगे. म्हणजे बाबा!!

१३ फेब्रु.
कसं झालं ते कळलं. आईनं खाली सही केलीय, सुनंदा अविनाश रेगे. यादी करणाऱ्या मोरी-सानना अविनाश रेगे हे प्राध्यापक सापडले, विषय संपला. मधलं नाव नवऱ्याचं, हे इथे कुणाला माहीत? त्यात खोकं बाबांच्या लॅबमधून आलेलं.
पण बाबा तेव्हा पुण्यात होते. आजोबांचं ऑपरेशन. एक अक्षर लिहिलं नाही त्यांनी. आणि मार्चमध्ये या कागदांचं प्रदर्शन आहे; पाटीवर नाव त्यांचं, लावायची मी.

१४ फेब्रु.
जेवताना सांगितलं.
बाबा: “अगं, एकाच घरातलं आहे. काय फरक पडतो?”
आई, पोळी लाटत: “राहू दे गं. मी काय युनिव्हर्सिटीची आहे का?”
बाबा: “आणि आई फेमस झाली तर पोळ्या कोण करणार?”
मला हसू आलं नाही. नाही राहू देणार.

१८ फेब्रु.
मोरी-सानसमोर उभी राहिले, आवाज गेला. शाळेत वर्गात उभं केलं की जायचा तसा. म्हणून तर शाळा सुटली. शेवटी चिठ्ठी दिली. त्यांनी दोनदा वाचली, मान तिरकी केली. “रेगे-सान, नाव बदलायला खोकं देणाऱ्याचा शिक्का लागतो.” म्हणजे बाबांचा. इथे सहीऐवजी शिक्काच चालतो. फॉर्म दिला.

१९ फेब्रु.
फॉर्म फ्रिजवर लावला. चारी कोपऱ्यांना टेप, आई लावायची तसा.
बाबा: “रेवा, मोरी-सानना उगाच त्रास.”
मी: “मग तुमच्या नावाची पाटी मी भिंतीवर लावणार नाही. दुसरं कोणी बघा म्हणावं.”
एवढं लांब वाक्य मी घरात कधी बोलले होते? बाबा उठून फ्रिजवरचा फॉर्म वाचायला लागले.

२१ फेब्रु.
सकाळी बाबांनीच ड्रॉवर उघडला. आमच्या घरात शिक्का एकच, ‘रेगे’ कोरलेला. पार्सलवाल्याला तोच, बँकेत तोच.
बाबा: “आण तो फॉर्म.”
आई, हात पिठाचे: “थांबा. ती पाण्याची नोटीस मी रडत रडत लिहिलीय. मीच मारते.”
“अगं, पण देणारा मी...”
“शिक्क्यावर कुठे लिहिलंय, तुम्ही का मी?”
मारला. वाकडा. पीठ लागलंय. तसाच नेणार.

२२ फेब्रु.
मोरी-साननी पीठ झटकलं नाही. पण म्हणाल्या, मीटिंगमध्ये ठरेल. मीटिंगमधल्या प्राध्यापकांचं म्हणणं, स्टाफच्या बायका युनि.च्या नव्हेत, ‘डॉ. रेगे यांचं कुटुंब’ एवढंच लिहू. कुणीतरी समजावून सांगायला हवं. “तुम्ही सांगाल?”
मान हलवली, हो म्हणून. मग म्हटलं, “हाइ. सांगते.” आवाज आला!

२६ फेब्रु.
जिन्यात बसून लिहितेय. आत मीटिंग, सगळे काळे कोट. मोरी-सान म्हणाल्या, बोलावते.
पाटीवर ‘कुटुंब’ नाही. नाव. आईचं, पूर्ण.
आत्ता मोठ्यानं म्हणून बघितलं. सुनंदा अविनाश रेगे. जिनाभर घुमलं. आतून कोणीतरी दार उघडून पाहिलं.
परत म्हटलं.